चौकातून आधी कोण: पर्याय पाच

१८ ऑगस्ट, सकाळी ७
विसर्जन मिरवणुकीत चौकातून आधी कोण जाणार, यावरून वरची गल्ली आणि खालची गल्ली दरवर्षी एकमेकांची डोकी फोडतात. गेल्या साली नऊ जखमी. यंदा शांतता समितीचा सचिव मी. नियोजन खात्यात एकतीस वर्षं काढलीत. आठवड्यात विषय संपवतो.

२० ऑगस्ट
पर्याय काढले. चिठ्ठी टाकणे. वेगळे रस्ते. टोकन देऊन वेळा ठरवणे (माझा, उत्तम). काहीच न करणे. पाचवा मुद्दाम खुळा: एका माणसाने झेंडा घेऊन दोन्ही मिरवणुकांच्या मध्ये उभे राहणे. खुळा पर्याय असला की आपला उठून दिसतो. ऑफिसातली जुनी युक्ती.

२१ ऑगस्ट
गुण दिले. चिठ्ठी पहिली येतेय! सुरक्षिततेचं वजन चाळीसवरून पाचवर आणलं. आता टोकन पहिलं. पाचवा उगाच दुसरा आला, खर्च शून्य म्हणून. असू दे. बायको, राजमती, म्हणाली, उत्तर आधी आन् गणित मागनं, हे कसलं ओ? तिला पद्धत कळत नाही.

२४ ऑगस्ट
बैठक. चिठ्ठीचं नाव काढताच वरच्या गल्लीच्या बाळासोंनी खुर्ची फेकली. खालच्या गल्लीच्या विजयसिंहांनी त्यांची कॉलर धरली. प्रोजेक्टर फुटला. मी बाळासोंच्या पाठीत डस्टर घातला. आम्ही जैन, त्यामुळे हिंसा म्हणून नव्हे, शिस्त म्हणून. टोकनचा कागद दोघांनी मिळून फाडला. पाचवा एकमताने मंजूर. मधला माणूस मीच. म्हणाले, दुसरा नंबर तुमीच दिलाय की.

५ सप्टेंबर
झेंडा, शिट्टी तयार. हेल्मेट सचिवाला शोभत नाही. घरीच ठेवणार.

७ सप्टेंबर, दवाखाना
डाव्या हाताने लिहितोय. काल दोन्ही मिरवणुका एकदमच आल्या. झेंडा वर केला. इकडून बांबू, तिकडून लेझीम. अकरा टाके, उजवा हात मोडला. मग दोघांनी मिळून मला उचललं, आणि डोक्याकडची बाजू कुणी धरायची यावरून जुंपली. पाडलं. जबडा तिथे गेला.

तरी जखमी एकूण एक. यश म्हणायला हरकत नाही. बाळासो आणि विजयसिंह केळी घेऊन जोडीनं आले. म्हणाले, आमचं एकबी डोकं फुटलं न्हाय, फुडच्या साली बी तुमीच.

ते गेल्यावर राजमतीनं पिशवीतून माझा तक्ता काढला. सुरक्षिततेच्या वजनावर बोट ठेवून विचारलं, हे पाच कुणाच्या डोक्याचं धरलं होतं?