नको म्हटल्यावर

जव्हार, मार्गशीर्ष शुद्ध ४, शके १८३३

हे सकाळीच मोखाड्याला गेले — जंगलखात्याची फिरती. राहू का दोन दिवस, म्हणाले. मी म्हटलं, नको, सरकारी काम आधी. आणि गेले की हो!

पहिलं बाळंतपण, आणि तेही माहेरी नाही. बाबा अंथरुणाला खिळलेले, आई येणार कशी? नववा सरत आलाय. भीती वाटते.

शुद्ध ६

मागच्या पाड्यावरची सुकरी सुईण भाताची झोडणी टाकून दारात आली. "एकलीच आहेस. निजाया येऊ?" मी म्हटलं, नको, तुला कशाला त्रास! आमच्यात एवढं म्हणावंच लागतं. समोरच्याने 'त्रास कसला' म्हणून खुशाल पाटावर बसायचं असतं. ही 'बरां' म्हणाली नि चालू लागली! वळूनही पाहिलं नाही.

शुद्ध ७

रडले. माणुसकीच नाही या डोंगरात.

शुद्ध ९

सुकरी कुंपणाजवळून जात होती. बोलावून डिंकाचा लाडू दिला. नको म्हणाली. पुन्हा पुढे केला, पुन्हा नको. मग हातातच कोंबला. तिने तो हळूच कट्ट्यावर ठेवला. रागावली नव्हती, पार गोंधळली होती. दोनदा सांगलां तरी ऐकाय नाय येत का, म्हणाली.

मग मीही फणकाऱ्याने विचारलं, परवा एका शब्दावर निघून कशी गेलीस?

"तू नको सांगलंस. दुसऱ्याचे घरात माझे मनानी कशी शिरू? मला वाटला, तुला आमचा हात चालत नाय."

शरमेने मान वर होईना. मी 'त्रास' म्हटलं, आणि तिने ऐकलं ते सोवळं! तरीसुद्धा 'ये' एवढंसं तोंडातून निघेना. मागितलं की माणूस हलकं होतं, असं आई म्हणायची. माझ्या हाडीमांसी खिळलंय ते.

शुद्ध ११

दुपारपासून कंबर धरलीय. सुकरी पाण्याला निघाली होती, कुंपणाशी थबकली. काही विचारलं नाही — तिचं एकदा विचारून झालं होतं.

"सुकरी, ये. मला भीती वाटते."

हंडा तिथेच ठेवून आली. आत पाणी तापवतेय. पुढे लिहवत नाही.

वद्य १

मुलगी. पायाळू होती. सुकरीचे हात होते म्हणून आम्ही दोघी आहोत.

यांना मोखाड्याला निरोप धाडलाय. काम राहू द्या, या.