एकशे अठरा रिळं

४ नोव्हेंबर
आलो एकदाचे. घर लख्ख, उजेड भरपूर, नळाला पाणी धो धो. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, दारातच जाहीर केलं की आता इथून तिला चौघांनी खांद्यावरूनच न्यायचं. मी दटावलं. काम सोपं आहे. एका दिवंगत पियानोवादकाच्या जॅझ-त्रयीची, म्हणजे तिघांच्या वाद्यमेळाची, टेपवरची एकशे अठरा रिळं ऐकायची आणि प्रत्येक तुकड्याचा कालावधी वहीत उतरवायचा. पियानो, माणसाएवढा जाड तारांचा उभा बास, ड्रम; बस. तीस वर्षं कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलेल्या बाईला हे म्हणजे हातचा मळ. घर त्याच्या पुतणीचं. टेपरेकॉर्डरच्या खोलीत ऊन येतं म्हणून अक्काचा पलंग तिने तिथेच लावून दिला.

६ नोव्हेंबर
सात रिळं झाली. वादन हळुवार, कुणी झोपलेलं असताना जपून पावलं टाकावीत तसं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. अक्का मात्र डोळे मिटून हसते. म्हणाली, हेडमास्तर (लहानपणापासून मला हेच म्हणते), पाय हलतोय तुझा. हलत नव्हता. तिचं हृदय अशक्त, म्हणून डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे दोन वेळा नाडी मोजते. ७२, ७२. उत्तम.

९ नोव्हेंबर
स्टॉपवॉच हातात होतं म्हणून लक्षात आलं. रीळ चालू असताना अक्काची नाडी ६६. ड्रमवाला तारांच्या ब्रशने ताल धरतो, तोही मिनिटाला ६६. योगायोग म्हणून जलद रीळ लावलं. अक्काचे गाल लाल झाले. नाडी ९४. ब्रश ९४. अक्का विचारत होती, भूत बघितल्यासारखा चेहरा का केलायस.

१० नोव्हेंबर
इतके दिवस टेप बंद केल्यावर काही होत नव्हतं. आज जेवणाआधी बटण दाबलं तेव्हा बोटं तिच्या मनगटावर होती. नाडी गेली. ओठ निळे. पुन्हा बटण दाबलं. बास वाजला आणि तिने श्वास घेतला. म्हणाली, डुलकी लागली गं.
टेप चालूच ठेवला आहे.

११ नोव्हेंबर
डॉक्टर आले. अक्काचं स्ट्रेचर खोलीच्या उंबऱ्याबाहेर नेलं, टेप चालू असूनही नाडी गेली. आत आणलं, आली. ते घाम पुसत निघून गेले.
पुतणीला फोन केला. ती म्हणाली की काकू त्याच खोलीत आजारी होत्या. तिघे उशाशी वाजवायचे. थांबले की काकूंचा श्वास थांबायचा. आधी ड्रमवाला पळाला, मग बासवाला. शेवटी काकांची बोटं चालेनात. मी विचारलं, आणि तुम्ही तिथेच पलंग लावलात? ती रडायला लागली. टेपच तर आहेत, असं तिला वाटलं होतं म्हणे.

१३ नोव्हेंबर
रीळ बदलायला वीस सेकंद लागत. सराव केला. आता अकरा. अकरा सेकंद अक्का नसते.
जुनी रिळं पुन्हा लावते आहे. वहीत चार मिनिटं दहा सेकंद लिहिलंय, तोच तुकडा आज पाच मिनिटं दोन. पुन्हा लावला: पाच तेवीस. यंत्र ठीक. घड्याळ ठीक.
ते तिघे हळू होतायत. नाडी ४८.

१४ नोव्हेंबर
ब्रशचा आवाज नाही. याच रिळावर परवा होता. आता नुसते दोघं. नाडी ४२. अक्का म्हणाली, बंद कर बाई, तूही दमलीस. मी म्हटलं, गप्प पडून राहा. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंन.

दुपारी बास गेला.
पियानो. एक सूर. मग दुसऱ्याची वाट — किती वाट —

१५ नोव्हेंबर
फीत तुटली. जोडायला वेळ नव्हता — ती काळीनिळी — हातातलं पेन पलंगाच्या कठड्यावर आपटलं. तिने श्वास घेतला. पुन्हा आपटलं. पुन्हा घेतला.
दोन ठोक्यांमध्ये — एवढंच लिहिता येतं —
फोन दुसऱ्या खोलीत —
दार उघडं आहे. जो येईल त्याने — आधी कठड्यावर ठोका — धरावा — मग मला उठवावं — मी झोपले असले तर —
झोपणार नाही —
मनगट सुजलंय — अक्का म्हणते, हेडमास्तर — पुरे आता — गप्प म्हटलं —
हात पुढे करतेय — माझ्या हाताकडे — नको म्हटलं — अक्का, सोड — ठोका चुकेल — सोड, पेन सो