धरणातलं दैवत

गुरुजी, प्राचार्यांनी माझ्यासमोर दुसऱ्यांदा ‘कुलदैवत कोणतं?’ असं विचारलं आणि माझं कॉलेज सुटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. तरी आधी तुम्हालाच सांगतोय. घरी अजून सुट्टी आहे असंच सांगितलंय.

पहिल्यांदा विचारलं ते मला, प्रवेशाच्या मुलाखतीत. पुण्यातल्या त्या नामांकित कॉलेजात जात सरळ कुणी विचारत नाही, असभ्य दिसतं ते, दैवत विचारतात. मी खरं तेच सांगितलं, की आमचं दैवत मुळशीच्या धरणात गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं, तेव्हा नैवेद्य दाखवून घेतो. सरांनी नुसता चष्मा पुसला. जात काही हाती लागेना आणि मार्क तर समोर दिसत होते, तेव्हा घेतलं बिचाऱ्यांनी.

यंदा मुलाखतींना मी दारावर होतो. मुलांना आत सोडायचं आणि सरांचा चहा सांगायचा. हे काम मी मागून घेतलं, कारण आत टेबलाशी नावं लिहायला आमच्या वर्गातली ती बसणार होती. वर्षभर तिच्या मागच्या बाकावर बसून मी तिच्या वेणीपलीकडं काही शिकलो नाही. तिचा धाकटा भाऊ आला, त्यानं दैवत सांगितलं, सर म्हणाले आमचंही तेच, आणि झाला प्रवेश. पाठोपाठ आपल्या डोंगरवाडीचा पोरगा. मार्क तिच्या भावाहून लई जास्त. दैवत विचारल्यावर तो म्हणाला, “वाघोबा.”

“तुला शेतकी शाळा बरी,” सर अगदी प्रेमानं म्हणाले. “इथलं झेपायचं नाही.”

वर्षभर घासून शुद्ध केलेली माझी भाषा तिथंच संपली. “सर, मार्क ह्याला पडल्यात, वाघोबाला न्हाई.”

माफी माग, नाहीतर कॉलेजातनं नाव कमी करतो, सर म्हणाले. तिनं मान वर न करता हळूच म्हटलं, “मागा ना.” गुरुजी, त्या ‘ना’पायी मी अर्धा वळलो होतो. पण तो पोरगा काही खुर्ची सोडेना, माझ्याकडं बघत बसला.

शाळेत एकदा मी दार आपटून गेलो, तेव्हा तुम्ही परत बोलावलंत. म्हणालात, बुडत्या गावातनं खांद्यावर आणलंय हे दार, सावकाश लाव. तुमचं तेवढं एकच शिकवणं माझ्या हाताला लागलंय. माफी न मागता मी बाहेर आलो आणि दार इतक्या सावकाश लावलं, की आतल्यांना वाटलं असेल, चहा सांगायला गेलाय.