दार उघडायचं कडवं

८ डिसेंबर
मुख्याध्यापक पेल्टन यांना नवा झटका आलाय. यंदा नाताळच्या कार्यक्रमात देशोदेशीची गाणी. म्हणाले, 'प्रत्येक मूल आपल्या घरची पद्धत दाखवेल, सगळं जग शाळेत येईल.' येईल, आणि त्या जगासाठी पियानो मी बडवेन. प्रत्येक देशाला मिनिटं तीन!

१० डिसेंबर
तालीम कसली, बाजार. युक्रेनचा ओलेक्सा काठीवर चांदणी घेऊन आला, स्वतःपेक्षा उंच. पहिल्याच फेरीत दिवा फोडला. फिलिपिन्सच्या जोमारने बाटल्यांची बुचं तारेत ओवून आणलीत – म्हणे वाद्य. स्वीडनवाल्या मुलींच्या डोक्यावर मुकुटात सेलच्या मेणबत्त्या. माझ्या आजीच्या डोक्यावर खऱ्या असायच्या.

११ डिसेंबर
पाचवीतली इत्झेल. मेक्सिकोचं गाणं. अर्धी मुलं दाराबाहेर, मेरी आणि जोसेफ होऊन रात्रीपुरता आसरा मागतात. अर्धी आतून नाही म्हणतात. मग पुन्हा मागणं, पुन्हा नाही. शेवटी आतले त्यांना ओळखतात आणि दार उघडतात. मी सरळ शेवट कापला. तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं.
आतून नाही म्हणणारं कुणालाच व्हायचं नाही. इत्झेल म्हणते, 'बाई, तुम्ही व्हा ना. तुमचा आवाज तसाच आहे.'
आगाऊ कार्टी. झाले मी आतली.

१४ डिसेंबर
शेजारची फर्न लेफ्से, त्या बटाट्याच्या पोळ्या, घेऊन आली. पोळ्या निमित्ताला.
'कारिनला बोलावलंस का कार्यक्रमाला?'
'नदीपलीकडेच राहते. रस्ता ठाऊक आहे तिला.'
'आई आहेस तू तिची.'
म्हणूनच! लग्न केल्यापासून पोरीनं तोंड दाखवलेलं नाही. आता मी लेकीच्या दारात जाऊन उभी राहू? पोळ्या कच्च्या होत्या.

१८ डिसेंबर
झाला एकदाचा तमाशा. चांदणी पडद्यात अडकली. मेणबत्त्यांचे सेल संपले. मग इत्झेलची टोळी. मी पुठ्ठ्याच्या दारामागे. तीनदा नाही म्हटलं, चांगलं खणखणीत. पडदा पाडायची खूण केली.
इत्झेल हलेना. पुन्हा पहिल्यापासून मागायला लागली.
मी फटीतून म्हटलं, 'संपलं गं.'
'दार कुठे उघडलंय, बाई?'
मागच्या रांगांतून तिच्या मावश्या, काका उठले आणि तेही गायला लागले. पेल्टन घड्याळ बघतायत. अख्खं सभागृह माझ्याकडे आसरा मागतंय आणि मी मूर्खासारखी पुठ्ठा धरून उभी. इतका राग आला की दार ओढलं ते हातातच आलं. पोरं आत घुसली, मला मिठ्या मारून मोकळी झाली.
नंतर तिच्या मावशीनं गरम पेयाचा पेला हातात दिला. 'नाही म्हणायला तुम्ही झकास हो, बाई. आमच्याकडे हे नऊ रात्री चालतं.'
'रोज नकार ऐकायला जाता?'
'जातो की. गेल्याशिवाय कोण उघडणार?'
पेय फार गोड होतं. झोप येत नाही.

२० डिसेंबर
पूल ओलांडून गेले. बेल वाजवली. आतून कारिनचा आवाज – 'कोण आहे?' सांगितलं. मग, 'आज नको, आई.'
उद्या परत जाईन.