बारापैकी तीन

प्रिय दारिओ,

गेल्या जूनपासून तू पायसान्दूला फिरकला नाहीस आणि मीही ये म्हणाले नाही. तेव्हा हे पत्र बघून कुणीतरी गेलं असंच तुला आधी वाटेल. कुणी गेलेलं नाही. तुझे बाबा ठणठणीत आहेत, येर्बाच्या कडू चहाचा तुंबा हातात धरून दिवसभर नदीकडे बघत बसतात.

मला मात्र झोप नाही. दवाखान्यात गेले तर तिथे लूर्देस नावाची डॉक्टरीण, वयाने माझ्या विद्यार्थिनींच्या मुलींएवढी. गोळी देईल म्हटलं, तर हातात कागद ठेवला. रोज मनाला गुण द्यायचे, शेजारी काय खाल्लं, कुणाला भेटलो ते लिहायचं. मी म्हटलं, पोरी, मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय; मोजपट्टीच नसलेलं मोजायचं म्हणजे निव्वळ ज्योतिष. तर म्हणते कशी, "मग चूक आहे हे सिद्ध करून आणा, बाई." उद्धट आहे, पण उत्तर बरं दिलं.

सिद्ध करायचं म्हणून लिहायला घेतलं. आपल्या शाळेसारखे बारापैकी. रोज आठ. मन म्हणजे काय हवामानखात्याने कळवायची गोष्ट आहे? शेजारची एल्विराही हल्ली भेटली की सांगते, आज मी पिवळी आहे. तिच्या फोनात चौकोन रंगवायचे असतात. चाळीस वर्षं ती चिडकी होती, ते न रंगवताही साऱ्या गल्लीला कळत होतं.

चार महिन्यांनी कागद नेऊन दाखवला. आठांच्या रांगांत तीन जागी लूर्देसने बोट ठेवलं. तिथे तीन-तीन गुण होते. मी म्हटलं, एकदा बटाटे पाणचट निघाले, एकदा पीठ जुनं होतं, एकदा डोकं दुखत होतं. लिहिलंय की शेजारी. तिने नुसत्या तारखा वाचल्या. एकोणतीस डिसेंबर. एकोणतीस जानेवारी. एकोणतीस मार्च. फेब्रुवारीला यंदा एकोणतीस तारीखच नव्हती. तो महिना सगळा आठांचा.

दर एकोणतीस तारखेला बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्या, न्योकी, आणि बरकतीसाठी ताटाखाली नोट, हे आपल्या घरी कधी चुकलं नाही. आम्ही दोघंच, तरी मी दर वेळी तिघांचे वळते. तिसरं ताट मांडते, खाली नोट सरकवते आणि मग बटाट्यांना नावं ठेवते. बाबा ते ताट उचलतात. मागच्या वेळी एवढंच म्हणाले, "बटाटे चांगले होते, नेलिदा."

जूनच्या एकोणतीस तारखेला त्याच टेबलावर तू तुझा फोन माझ्यापुढे धरला होतास. कामावर जाववत नव्हतं त्या महिनाभराचे चौकोन, सगळे करडे. आणि मी म्हणाले, "बारापैकी एक मिळवणारेसुद्धा निदान शाळेत तरी यायचे." तू नोट तशीच ठेवून उठलास. अगदी ढ मुलालाही मी वही वाचल्याशिवाय कधी गुण दिले नाहीत, तुला दिले. ही माझी चूक, आणि ती लेखी कबूल करायची म्हणून हे पत्र. ते चौकोन मला अजूनही पोरखेळ वाटतात. पण येत्या एकोणतीस तारखेला ये, फोन घेऊन ये. या वेळी मी आधी वाचेन. ताटाखाली दर महिन्याला ठेवते ती नोट तुझी जूनचीच आहे.

तुझीच,
आई