फुटलेल्या फुलदाणीची गोष्ट

ती. आईस,

पायांवर डोकं ठेवते. मी ठणठणीत आहे, हाताचे टाकेही निघाले, काळजी करू नकोस. तुझा गुडघा काय म्हणतो?

पण डोकं भणभणलंय बघ. मी ज्यांच्याकडे कामाला आहे, त्या लेखिकाबाईंनी माझ्या हातून फुटलेल्या फुलदाणीवर कथा लिहिली आणि पाहुण्यांना वाचून दाखवली. सगळी त्यांच्याच नजरेतून! फुलदाणी म्हणजे त्यांच्या आईची आठवण, म्हणून पाहुणे डोळे पुसत होते, आणि मी त्यांनाच चहा देत होते. कथेतली मोलकरीण दारात येते, "फुटली" म्हणते आणि जाते. अगं, मला पाच टाके पडले, त्याचं एक अक्षर नाही!

संतापून मी तीच गोष्ट माझ्या बाजूनं लिहिली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. सकाळी बाई म्हणाल्या, "फार दुखलं का गं?" इतक्या दिवसांनी!

लिहिताना मात्र वहिनी आठवली. ती घर सोडून गेली, ही गोष्ट आपण सगळ्यांना आपल्याच तोंडून सांगतो. त्यातही ती दारात येते, "निघते" म्हणते आणि जाते.

आई, तिला कुठे लागलं होतं गं?

तुझी,
थोरली