सातवं तळघर

२ सप्टेंबर, शनिवार
संकल्प केला. सीगलिंडेबाईंचा ‘तळघर’ हा जुना खेळ मी हातात धरायच्या जुन्या कन्सोलवर आणणार. बाईंनी तो तरुणपणी घरगुती कॉम्प्युटरवर लिहिला होता. तळघरातले बिअरचे क्रेट ढकलून खुणांवर न्यायचे. ढकलता येतात, ओढता येत नाहीत. एवढंच. पण तेव्हा आमचं अख्खं बोखुम शहर त्यापायी वेडं झालं होतं. नोव्हेंबरात आमच्या रेट्रो, म्हणजे जुन्या खेळांच्या, क्लबच्या मेळाव्याला बाई स्वतः येणार. त्यांनी माझी पाठ थोपटली की मला आयुष्यात आणखी काही नको.
प्रोग्रॅमिंग फोल्कमार करेल. शाळेपासूनचा मित्र, नाहीतरी बसूनच असतो. मुख्य काम, म्हणजे कल्पना, माझी.

९ सप्टेंबर
उद्यापासून रोज पहाटे उठून काम.

१० सप्टेंबर
आज रविवार. रविवारी काम केलेलं शेजाऱ्यांना खपत नाही.

२३ सप्टेंबर, शनिवार
फोल्कमारने बाईंच्या सगळ्या लेव्हल्स कन्सोलवर चालवून दाखवल्या. हिरवट पडदा, चार बॅटऱ्या आणि खेळ नुसता पळतोय! डोळ्यांत पाणी आलं. म्हणालो, जमलं रे आपलं. तो म्हणाला, “आपलं?” विनोदी आहे.
पण बाईंच्या लेव्हल्स जरा सोप्याच वाटतात. सात नव्या मी रचणार.

७ ऑक्टोबर
रचल्या. ट्राममध्ये. सातवी म्हणजे कळस. फोल्कमारने विचारलं, “तू स्वतः सोडवून बघितलीस का?” मी म्हणालो, मी रचनाकार आहे, हमाल नाही.
तपासणीसाठी त्याने एक चोरवाट ठेवली आहे. दोन बटणं एकदम दाबली की थेट पुढची लेव्हल. फार सोय झाली. कॉफी निवायच्या आत साती तपासल्या. एकही चूक नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार
पहिल्या पडद्यावर नाव कुणाचं, असा विषय निघाला. मी समजावलं की कन्सोलमध्ये घालायच्या कार्ट्रिजमध्ये जागा कमी, एकच नाव मावेल. फोल्कमारने केकमध्ये काटा खुपसला. मग म्हणाला, “सातवीतला डावा क्रेट कोपऱ्यात अडकलाय. तो हलायचाच नाही, बाबा.”
मत्सर! दुसरं काय? सांगून टाकलं, माझ्या लेव्हलला हात लावलास तर मैत्री संपली. तो केक अर्धा टाकून निघून गेला. आलुबुखारचा होता. मी संपवला.

२९ ऑक्टोबर, रविवार
फोल्कमार फोन उचलत नाही. पाठीत सुरा म्हणतात तो हाच. इर्मट्राउट म्हणते, “त्याचंही नाव टाकलं असतंस तर तुझं काय झिजलं असतं?” म्हणजे बायकोही फितूर.

११ नोव्हेंबर, शनिवार. मेळाव्याहून परत.
दगा! दगा! दगा!
बाई माझं कार्ट्रिज घालून खेळायला बसल्या. माझ्या सहा लेव्हल्स झाल्या. सातवीला अडल्या. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अडल्या. चष्मा पुसून म्हणाल्या, “ओट्मार, तुम्हीच दाखवा बरं.” कन्सोल हातात आला आणि सवयीने बोटं गेली त्या दोन बटणांवर. लेव्हल पार! मग मागून कुणीतरी म्हणालं, “अरे, हा तर उडी मारून गेला!” सगळा हॉल हसला. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.
तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या फोल्कमारने खिशातून दुसरं कार्ट्रिज काढलं. माझ्या पाठीमागे केलेलं! त्याच्या पहिल्या पडद्यावर तीन नावं: बाईंचं, माझं, त्याचं. वर जागा शिल्लक. सातवीत डावा क्रेट एकच घर सरकवलेला. बाईंनी ती सोडवली आणि लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. “ही कुणाची? मला सुचायला हवी होती!” फोल्कमारने माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी माझी पाठ थोपटली.
ज्यासाठी सगळा खटाटोप केला ती थाप मिळाली, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दगा तो दगाच. त्याला कधीही माफ करणार नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार
फोल्कमारचं कार्ट्रिज घरी आणलं होतं. केवळ त्याच्या चुका काढायला. सकाळपासून सातवीवर अडकलोय. दोन बटणं दाबून पाहिली. चोरवाट काढून टाकली आहे, नीच माणसाने.
शेवटी फोन केला. उचलला. म्हणालो, तुझ्या आवृत्तीत सातवी बिघडली आहे. तो म्हणाला, “बाईंना जमली की. आणि तुझीच लेव्हल आहे ना रे?” मी म्हणालो, हो, माझीच. मग हळूच विचारलं, आधी डावा क्रेट की उजवा?
त्याला हसू आवरेना. म्हणाला, “येतो. पण केक खाल्ल्याशिवाय सांगणार नाही.”
इर्मट्राउटने दोन बशा काढल्या आहेत. त्याचा तुकडा मोठा कापलाय. मी चालवून घेतलंय.
डावा क्रेट अजून तिथेच.